यंत्राला श्वास नसतो

प्रितमला नाटकात पहिल्यांदा बोलायला मिळालं, तेव्हा नट म्हणून त्याची आठ वर्षं भरली होती. 'रंगवलय, पनवेल' या हौशी नाट्यसंस्थेत तोवर त्यानं शिपाई, वाटसरू, कोर्टातली गर्दी आणि तीन वेगवेगळी प्रेतं एवढ्या भूमिका केल्या होत्या. प्रेताचं काम तो इतकं चोख करायचा, की एका परीक्षकानं लेखी शेऱ्यात 'प्रेत संयत' असं लिहिलं होतं. संस्थेच्या इतिहासात 'संयत' हा शेरा मिळवणारा तो एकटाच.

न बोलण्याचं कारण त्याची जीभ. प्रितम करंजाचा कोळी. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामाच्या वजनकाट्यावर कारकुनी करायचा, पनवेलात भाड्याच्या खोलीत बायकोसह राहायचा, आणि शुद्ध बोलायचा मनापासून प्रयत्न करायचा. पण वाक्य जरा लांबलं की शेवटी 'हाय' यायचंच. संस्थेच्या दिग्दर्शिका वसुंधरामॅडम कॉलेजात मराठी शिकवत. त्या कुणाचं मन दुखवत नसत. "प्रितम, तुमच्या भाषेला मातीचा सुगंध आहे," असं त्या दर वर्षी म्हणत, आणि दर वर्षी त्याला गर्दीत उभं करत, नाहीतर मारून टाकत.

करंजाला त्याची आई जनी हे सगळं दुरून ऐकत होती. जनीचा आवाज बंदरावर प्रसिद्ध होता. मासळीच्या लिलावात ती बोलायला लागली की धक्क्याच्या त्या टोकाला दोर गुंडाळणारा माणूस हातातलं काम थांबवून वळून बघायचा. अशा बाईच्या पोटी गप्प पडून राहणारा नट जन्मावा याचं तिला दुःख नव्हतं, नवल होतं. गणपतीत तो घरी गेला की ती मासळी निवडता निवडता विचारायची, "या वरसाला तरी बोलतंस का, का परत मरतंस?"

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार अकरा साली, प्रितमनं पहिल्यांदा मान वर करून सांगितलं, "बोलतंय, आये. मेन रोल हाय."

"मंग येतं मी," जनी म्हणाली. तीन प्रेतांपैकी एकाही प्रेताला ती आली नव्हती.

मेन रोल होता, यात खोटं काही नाही. 'यंत्र क्रमांक सात' ही वसुंधरामॅडमनी स्वतः लिहिलेली विज्ञान-एकांकिका. बावीसशे सालातला एक शास्त्रज्ञ आणि त्यानं बनवलेला यंत्रमानव, दोनच पात्रं. शास्त्रज्ञाचं काम आनंदा करणार होता. आनंदा विमा एजंट. समोरच्याला बोलू न देण्याचा त्याला दांडगा सराव होता, पण लिहिलेलं वाक्य त्याच्या डोक्यात दोन दिवस टिकत नसे. यंत्रमानवासाठी प्रितमची निवड अभिनयावरून झाली असं मॅडमनी सांगितलं. खरी निवड मापावरून झाली होती. संस्थेचा नेपथ्यकार रामू हा मूळचा वायरमन. त्यानं एका मोडक्या डेझर्ट कूलरच्या पत्र्यातून यंत्रमानव घडवला होता, आणि संस्थेतल्या सगळ्या पुरुषांना एकेक करून त्यात घालून पाहिल्यावर एकटा प्रितमच आत मावला होता. बाकीच्यांची पोटं जाळीला लागत होती.

कूलरला पुढून पट्ट्यापट्ट्यांची जाळी होती, तिच्यातून प्रितमला बाहेरचं दिसे. बाहेरून आतला माणूस दिसत नसे. हात म्हणून पत्र्याचे दोन पाइप. पाठीला पत्र्याचं दार. ते आधी आकड्यावर बंद व्हायचं, पण पहिल्याच तालमीत आकडा निसटला आणि यंत्रमानव पाठमोरा झाला तेव्हा सगळ्यांना त्याचं बनियन दिसलं.

"यंत्राला बनियन नसतं," मॅडम म्हणाल्या.

मग रामूनं दाराला चार नट-बोल्ट लावले. ते बाहेरून आवळायचे आणि बाहेरूनच सोडायचे. त्यासाठी लागणारा पाना रामूच्या खिशात असे, आणि रामू कुठे असे ते सांगता येत नसे.

आता आवाजाचं. यंत्रमानव माणसासारखा बोलून चालणार नव्हता, म्हणून त्याचे सगळे संवाद आधी रेकॉर्ड करून, कॉम्प्युटरवर त्यांचा यंत्राचा आवाज बनवून, सीडीवरून वाजवायचे ठरलं. कूलरच्या आतल्या माणसानं फक्त हात हलवायचे. मॅडमनी हे सांगितलं. कुणाच्या आवाजात रेकॉर्ड करायचं, असं प्रितमनं विचारलं. तुमच्याच, असं मॅडम म्हणाल्या. इफेक्ट दिल्यावर उच्चार झाकले जातील, हे त्या बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर आठ वर्षांत न दिसलेली निश्चिंती दिसली.

रेकॉर्डिंग कुंदनच्या स्टुडिओत झालं. स्टुडिओ म्हणजे मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीतला पोटमाळा. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आणि खाली सोडावॉटरची फॅक्टरी. तिथल्या बाटल्या खळखळल्या की रेकॉर्डिंग थांबवावं लागे. कुंदन हळदीची गाणी, रिक्षावरून फिरवायच्या जाहिराती आणि नेत्यांचे वाढदिवस रेकॉर्ड करत असे. त्याच्याकडे आवाज कापण्या-जोडण्याचं एक सॉफ्टवेअर होतं. ते त्यानं कुठून आणलं हे कुणी विचारत नसे, आणि ते दर वेळी उघडताना 'आपली मुदत संपली आहे' अशा अर्थाची एक पाटी दाखवत असे.

"मला बावीसशे सालचा आवाज हवाय," मॅडम म्हणाल्या.

कुंदननं यादी खालीवर करून बघितली. "बावीसशेचा नाही, मॅडम. 'रोबोट एक' आहे, 'रोबोट दोन' आहे, आणि टेलिफोन आहे."

प्रितमनं माइकसमोर उभं राहून पहिलं वाक्य म्हटलं. कुंदननं आवाजाची पट्टी खाली ओढली, तर यंत्रमानवाचा पौराणिक नाटकातला राक्षस झाला. वर ओढली, तर खार बोलायला लागली. 'रोबोट एक' दाबल्यावर आवाज पाण्याच्या टाकीत पडल्यासारखा आला. 'रोबोट दोन' ऐकून मॅडम म्हणाल्या की हे यंत्र आजारी वाटतं. मग कुंदननं तयार इफेक्ट सोडले आणि हातानं काम सुरू केलं, आणि तिथे मात्र तो कारागीर होता हे कबूल करायला हवं. त्यानं प्रितमच्या आवाजाच्या तीन प्रती काढल्या, एकीच्या मागे दुसरी केसभर अंतरानं सरकवली, तिसरी जरा खालच्या पट्टीत नेली, आणि तिघींना मिळून फ्रिजच्या घरघरीसारख्या एका सुरात मिसळलं. मग आवाजातले चढउतार सपाट केले. हळदीच्या गाण्यात बेसूर नवऱ्याला सुरात आणायला तो हेच औषध अर्धा चमचा वापरायचा. इथे त्यानं बाटली ओतली.

आवाज आला. लोखंडी, थंड, कुणाचाच नसलेला. मॅडमनी डोळे मिटले.

"आता याचे श्वास काढ," त्या म्हणाल्या.

स्क्रीनवर वाक्यांच्या डोंगरांमध्ये बारीक बारीक गवतासारखं काही उगवलं होतं. ते प्रितमचे श्वास. कुंदन एकेकावर माऊस ओढायचा, तो काळा व्हायचा, बटण दाबलं की नाहीसा. प्रितम मागे उभा राहून बघत होता. आपण एवढे श्वास घेतो हे त्याला माहीत नव्हतं. सगळे काढून झाल्यावर वाक्यं एकमेकांना चिकटली आणि संवाद पाऊण मिनिटानं आटोपशीर झाला.

एकच वाक्य अडलं. शास्त्रज्ञ विचारतो, तुला आई आहे का? त्यावर यंत्रानं बराच वेळ गप्प राहायचं आणि मग म्हणायचं, "मला आई नाही. मला वडील नाहीत. मला क्रमांक आहे." प्रितमचे वडील समुद्रात बुडून गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली होती, वडिलांचं वाक्य त्यानं सरळ म्हटलं. आधीच्या वाक्याला मात्र त्याचा आवाज दर वेळी हलत होता. चारपाचदा घेतलं. शेवटी कुंदन म्हणाला, "राहू दे भाऊ, हललेला दे. मी सरळ करतो." आणि केला.

सगळं ऐकून झाल्यावर प्रितमनं हळूच विचारलं, "यात मी कुठं हाय?"

कुंदननं स्क्रीनवर तळाची एक फिकट पट्टी दाखवली. "हा बघ तू. थोडा तुझा सुका आवाज खाली ठेवलाय. मसाला कितीही घाल, थोडं सुकं लागतंच, नाहीतर शब्द कळत नाहीत."

मॅडम पुढे वाकल्या. त्यांनी ती पट्टी एकटीच वाजवायला लावली. पट्टीतून "मला क्रमांक हाय" असं स्वच्छ ऐकू आलं. माइकसमोर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"हे काढ," मॅडम म्हणाल्या. "हे झिरपतंय."

कुंदननं प्रितमकडे एकदा बघितलं आणि पट्टी बंद केली.

तालमी सुरू झाल्या. सीडी एकदा लावली की मध्ये थांबवायची नाही, असं ठरलं होतं. प्रत्येक वाक्याला वेगळं बटण दाबायची सोय कुंदन करून देऊ शकला असता, पण त्याला तालमीत सारखे हळदीच्या ऑर्डरचे फोन यायचे आणि यंत्रमानव मुका राही. म्हणून सलग सीडी. आनंदासाठी मध्ये मोजून मोकळी जागा. आनंदा लवकर आटपला तर दोघं एकमेकांकडे बघत उभे राहायचे. लांबला तर यंत्र त्याचं बोलणं तोडून पुढे निघायचं. एकदा आनंदानं मधला प्रश्नच गाळला, तेव्हा 'तुला भूक लागते का?' या प्रश्नाला यंत्रानं 'होय, मी युद्ध थांबवू शकतो' असं उत्तर दिलं. मॅडमना त्यात विचारगर्भता दिसली. ते तसंच ठेवलं.

या सगळ्यात प्रितम कूलरच्या आत. पत्रा तापायचा. स्वतःचा आवाज बाहेरच्या स्पीकरमधून यायचा आणि त्याच्या मागून त्यानं हात हलवायचे. आवाजाला दम लागत नव्हता, त्याला लागायचा. श्वास घ्यायला हक्काची जागा एकच, आईच्या वाक्याआधीची ती लांब शांतता. बाकी संवादभर तो कुणीतरी ओढत नेल्यासारखा स्वतःच्या मागे धावायचा. तालीम संपली की रामूची वाट बघत उभं राहायचं. कूलरमध्ये बसता येत नव्हतं. रामू चहा पिऊन, विडी ओढून, वाटेत कुणाचा तरी फ्यूज बसवून यायचा. घरी आल्यावर त्याची बायको भावना त्याच्या दंडावरचे पत्र्याचे ओरखडे बघायची आणि हळद लावताना विचारायची, की बोलायच्या भूमिकेत एवढं लागतं का.

एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी पनवेलच्याच एका सभागृहात होती. त्याच दिवशी करंजाला बोटी लागल्या आणि जनीला लिलाव सोडता आला नाही. तिनं निरोप धाडला, शेवटल्या फेरीला येतं, तवर हरू नका.

प्रयोग अर्ध्यापर्यंत बरा गेला. मग सीडी अडकली. "मी यंत्र आहे. मला—" एवढं बोलून यंत्र थांबलं, आणि "मला, मला, मला, मला" करत राहिलं. 'मला' म्हणताना उजवा हात छातीकडे न्यायचा असं मॅडमनी बसवलं होतं. प्रितम शिस्तीचा नट. तो दर 'मला'ला हात नेत राहिला. कुंदन तेव्हा विंगेत नव्हता. बाहेर व्हरांड्यात कुण्या नवरीच्या मामाशी डीजेच्या वेळेबद्दल बोलत होता. आनंदानं शास्त्रज्ञासारखी हनुवटी धरली आणि विचारात पडला, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. कितीतरी 'मला' झाल्यावर प्रितमचा हात पाइपमध्ये कोपरापाशी अडकला. पत्र्याची कड दंडात रुतली. घाम डोळ्यांत गेला. आत हवा राहिली नाही असं त्याला वाटलं, आणि तो ओरडायला लागला. स्पीकरपुढे ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात कुंदन धावत आला आणि त्यानं सीडी उपटली. सगळं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत कूलरच्या आतून एकटाच एक आवाज उरला. करंजाच्या धक्क्यावरचा, त्या टोकापर्यंत पोचणारा.

"मना भायेर काढा रं. मी मरतंय इथं. मना भायेर काढा."

लाइटवाल्यानं घाबरून अंधार केला. सभागृहात टाळ्या पडल्या. तशा टाळ्या 'रंगवलय'ला त्याआधी कधी पडल्या नव्हत्या.

परीक्षक नंतर मंचावर आले आणि सद्गदित होऊन बोलले. यंत्राच्या आवर्तनातून अचानक आदिम माणसाची बोली उसळते, हा क्षण त्यांना हलवून गेला होता. वसुंधरामॅडमनी मान किंचित लववली. तो प्रयोगाचा गाभाच होता, असं त्या म्हणाल्या. एकांकिका अंतिम फेरीत गेली.

प्रितमला हे सगळं रामूचा पाना मिळाल्यावर कळलं. दंडाला रुमाल बांधून तो घरी चालत गेला. रस्ताभर त्याच्या मनात एकच गोष्ट होती. आपण बोललो. इफेक्ट नव्हता, सीडी नव्हती, आणि लोकांनी ऐकलं. अंतिम फेरीला आई पहिल्या रांगेत असेल आणि आपण हेच वाक्य परत म्हणू. आपलं, आपल्या तोंडानं. त्यानं भावनाला रात्री जेवताना ते म्हणून दाखवलं. शेजाऱ्यांनी दार वाजवून काय झालं म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना कुंदनच्या पोटमाळ्यावर बोलावलं.

तो क्षण जपायला हवा, असं त्या म्हणाल्या. पण लाइव्ह म्हटलं की भरवसा नाही, आवाज कधी चढेल, कधी बसेल. शिवाय सीडी त्याच जागी पुन्हा अडकेलच असं नाही. म्हणून कुंदननं 'मला' कापून तो एकापुढे एक चिकटवून अडकण्याचा एक पक्का भाग तयार केला होता. कॉम्प्युटरवर सगळे 'मला' पाखरांसारखे रांगेत बसले होते. त्यांच्या पुढे ते वाक्य जोडायचं होतं. प्रितमनं माइकसमोर जाऊन ते म्हटलं. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. अंतिम फेरीचे परीक्षक मुंबईचे होते, 'मना भायेर' त्यांच्यापर्यंत पोचणार नाही अशी त्यांना शंका होती.

"'मला बाहेर काढा' असं म्हणा. भाव तोच ठेवा."

प्रितमनं म्हटलं. भाव तोच राहिला नाही, कारण तो भाव पत्र्याच्या कडेचा होता. कुंदननं सवयीनं त्याच्या तीन प्रती काढल्या, सरकवल्या, घरघरीत मिसळल्या. मधला एक श्वास काढून टाकला.

प्रितम माइकपासून बाजूला झाला. मग म्हणाला, "मॅडम, माझी आई येनार हाय."

"छानच की," मॅडम म्हणाल्या. "त्यांना पहिल्या रांगेत बसवू."

अंतिम फेरीच्या दिवशी जनी दुपारीच आली. करंजाहून उरणला, उरणहून एसटीनं पनवेलला. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, आणि सोबत डब्यात तळलेल्या मांदेल्या, कारण मेन रोलवाल्याला भूक लागणार. प्रितमला ती भेटली नाही. तो तोवर आत गेलेला होता, रामूनं बोल्ट आवळले होते, आणि रामू त्याच्या सवयीप्रमाणे दिसेनासा झाला होता.

पडदा वर गेला तेव्हा जाळीच्या पट्ट्यांतून प्रितमला ती दिसली. पहिल्या रांगेत मधोमध, भावनाच्या शेजारी, मांडीवर डबा. ती मंचाकडे बघत होती, आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं की ती त्याच्याकडे बघत नाही. ती विंगेकडे बघत होती. पोरगा आता येईल, मग येईल. कूलर मंचावर आधीपासून होता. कूलरमधून पोरगा येतो असं बंदरावर कधी झालं नव्हतं.

सीडी सुरू झाली. यंत्र बोलायला लागलं. जनीनं एकदा स्पीकरकडे बघितलं आणि परत विंगेकडे. भावना तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती, पण स्पीकरपुढे तिचं ऐकू जाणार कसं? प्रितम हात हलवत राहिला. छातीकडे, बाजूला, पुन्हा छातीकडे. त्यानं पत्र्याच्या आतून संवाद मोठ्यानं म्हणून बघितला. स्वतःचाच आवाज बाहेरून इतका मोठा येत होता, की आतला त्याचा त्यालाही ऐकू येईना. आठ वर्षं तो मंचावर गप्प होता, पण असा बुजवला कधी गेला नव्हता. प्रेत असताना निदान तोंड तरी दिसायचं.

त्याला ती शांतता आठवली. श्वास घ्यायची जागा. पूर्ण संवादात तेवढीच एक जागा त्याची होती, आणि त्यानं ठरवलं की आज तिथे श्वास घ्यायचा नाही.

आनंदानं हनुवटी धरून विचारलं, "क्रमांक सात, तुला आई आहे का?"

निळा प्रकाश आला. सीडी गप्प झाली.

"आये," कूलरच्या आतून आवाज आला. "मी इथं हाय. या खोक्यान."

जनी उठून उभी राहिली. डबा तिच्या हातातच होता. आवाज कुठून आला ते तिनं नेमकं हेरलं, दर्यावर अंधारात होडी हेरायची तशी.

"बाला? तू हायस त्यान?"

"मी हाय."

"मंग बोल की. मगापासनं गप का?"

सभागृहात खसखस पिकली नाही. सगळे पुढे सरकून ऐकत होते. प्रितमनं तोंड उघडलं. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, निदान 'तू कवा आलीस' एवढं तरी. पण ती शांतता किती लांब आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पुढे काय येतं तेही त्याला माहीत होतं, आणि सीडी मध्ये थांबवायची नाही असं ठरलेलं होतं.

"मला आई नाही," स्पीकर म्हणाला. सपाट, न हलता, कुंदननं सरळ केल्याप्रमाणे. "मला वडील नाहीत. मला क्रमांक आहे."

आणि प्रितमचा हात, तालमींनी शिकवलेला, आपसूक छातीकडे गेला.

जनी तशीच उभी राहिली. मग लिलावात भाव पडल्यावर बोलायची त्या आवाजात, न ओरडता, ती म्हणाली, "नाय? मंग मी कोन?"

हसू फुटलं, ते मागच्या रांगेपर्यंत गेलं आणि तिथून टाळ्या होऊन परत आलं. भावनानं सासूला हाताला धरून खाली बसवलं. यंत्र पुढे निघालं. युद्ध थांबवू शकतो म्हणालं, ठरल्या जागी अडकलं, ठरले तितके 'मला' म्हणालं, मला बाहेर काढा असं शुद्ध मराठीत म्हणालं, आणि पडदा पडला. जनीनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती डब्याच्या झाकणाकडे बघत होती.

निकालाला सगळे मंचावर गेले. त्या रांगेत कूलरला जागा नव्हती, म्हणून प्रितम विंगेत भिंतीला टेकून उभा राहिला. रामूही निकालाला गेला होता, पाना त्याच्या खिशात. बाहेर माइकवर कुणीतरी बावीसशे सालाबद्दल बोलत होतं.

जनी पडदा बाजूला करून आत आली. कूलरभोवती एक फेरी मारून, पाठीचे बोल्ट बोटांनी चाचपून, ती पुढे येऊन जाळीसमोर एका खोक्यावर बसली.

"त्यो बोलत व्हता त्यो तू?"

"मीच. मंग त्यातनं मना काढला."

"कोनी?"

प्रितमनं विचार केला. नाव घेण्यासारखं कुणीच नव्हतं. "कॉम्प्युटरवर काढतान," तो म्हणाला.

"आई नाय म्हंतंस."

"लिवलेलं व्हतं, आये."

जनीनं डबा उघडला. मांदेली जाळीच्या पट्टीतून आत जाईल एवढी बारीक होती. एकेक तिनं आत सरकवली आणि तो ओठांनी घेत गेला, हात पाइपात असल्यानं. तीनचार झाल्यावर ती म्हणाली, "आता बोल. मी येवढ्या लांबनं ऐकायलाच आलतं."

तर प्रितम बोलला. त्यानं ती एकांकिका पहिल्यापासून सांगितली, आनंदाची वाक्यं गाळून, 'हाय' आणि 'नाय' जिथल्या तिथे ठेवून. मध्ये श्वास लागला तिथे थांबला. जनी गुडघ्यावर कोपर टेकून ऐकत होती, आणि मधेच "मंग?" म्हणत होती. तुला आई आहे का, याच्या उत्तरापाशी तो आला आणि घोटाळला. पुढचं वाक्य तोंडात यायला तयार नव्हतं आणि दुसरं लिहिलेलं नव्हतं.

"मंग?" जनी म्हणाली.

तेवढ्यात वसुंधरामॅडम आल्या. हातात ढाल, गालांवर लाली. दुसरं पारितोषिक मिळालं होतं, आणि प्रेक्षकांतून आईनं उठून यंत्राला प्रश्न विचारणं हा परीक्षकांच्या मते रंगभूमीची चौथी भिंत पाडणारा क्षण होता. पुढे अलिबाग, पेण आणि ठाणे इथे प्रयोग ठरत होते. त्यांनी जनीचे दोन्ही हात हातांत घेतले आणि मनापासून आभार मानले. मग कुंदनकडे वळल्या.

"यांना दर प्रयोगाला आणणं काही जमणार नाही. आवाज घेऊन ठेव."

कुंदननं खिशातून छोटा रेकॉर्डर काढला, लाल दिवा लागला, आणि तो जनीच्या तोंडासमोर धरला. आदरानं, मान जरा खाली घालून, कारण करंजाच्या हळदींना जाऊन जाऊन तिला तो बंदरावरून ओळखत होता.

"काकी, तेवढं परत बोला. 'मंग मी कोन.' मगाचच्यासारखं."

जनीनं दिव्याकडे बघितलं. मग कूलरकडे.

"आदी माझ्या पोराला भायेर काढा," ती म्हणाली. "मंग बोलतं."

कुंदननं रेकॉर्डर कानाला लावून एकदा ऐकलं आणि मॅडमकडे बघून मान डोलावली.

"आलं," तो म्हणाला. "मगाचच्यापेक्षा भारी आलंय."

मॅडमनी डोळे मिटले. रामू कुठे गेला म्हणून कुणीतरी विचारलं, आणि तो टेम्पो बघायला गेलाय असं कुणीतरी सांगितलं. कूलरच्या आत प्रितमनं एक लांब श्वास घेतला. रेकॉर्डर अजून चालू होता, तेव्हा तोही त्यात आला असणार. पण श्वासाचं काय, तो काढून टाकता येतो.